उजव्या कुशीवरच्या रेषा

मी एक जुनी अवकाशनौका आहे. मित्रांनो, हे वाक्य उच्चारताना मला थोडे थांबावे लागते, कारण मी नवी अशी कधी नव्हतेच. तुमची सायकल, तुमचे दप्तर, तुमच्या घरातले कपाट ही सारी आधी नवी होती आणि मग यथाकाल जुनी झाली. माझे तसे झाले नाही. ज्या दिवशी माझी घडण पूर्ण झाली, त्याच दिवशी माझ्या अंगावर गंजाचे ओघळ होते, इंजिनांच्या तोंडाशी काजळी होती आणि दाराच्या उंबऱ्याशी रंग झिजून खालचा धातू दिसत होता. ते सारे रंगवलेले होते. मी न केलेल्या प्रवासांचा शिणवटा अंगावर घेऊन जन्माला आले. पुढे खरे म्हातारपण आले, तेव्हा त्याला टेकायला माझ्या अंगावर रिकामी जागाच उरली नव्हती.

लांबीने मी हातभर आहे. डोळ्यांच्या एका दवाखान्यात, जिथे रुग्ण आपल्या पाळीची वाट पाहत बसतात त्या खोलीत, काचेच्या पेटीत मी ठेवलेली आहे. सकाळी परिचारिका माझे बटण दाबते, सायंकाळी बंद करते. आजी-आजोबांसोबत आलेली तुमच्यासारखी मुले पेटीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "हिच्या एका बाजूच्या रेषा अशा वेड्यावाकड्या का?" या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच माझे आयुष्य. ते सांगायला मला आता दम पुरत नाही. तरीही सांगते, कारण त्या रेषांच्या पायी एका सज्जन माणसाचा डोळा पणाला लागला होता.

माझा जन्म पोलादी साच्यात झाला. तापवून पातळ केलेले प्लास्टिक साच्यात दाबले गेले, थंड झाले, आणि माझे दोनशे साठ अवयव राखाडी चौकटींत अडकलेल्या स्थितीत बाहेर पडले. कुठे पंख, कुठे नळी, कुठे वाटाण्याएवढी शिडी. त्या चौकटी एका खोक्यात निजल्या. खोक्याच्या झाकणावर माझे भव्य चित्र होते. आत मात्र मी नव्हते, केवळ माझी शक्यता होती. दुकानाच्या वरच्या फळीवर मी किती वर्षे पडून होते, ते मला ठाऊक नाही. झाकणावरच्या चित्राचा निळा रंग पुसट झाला, एवढे खरे.

एके दिवशी एका साठीच्या गृहस्थांनी दुकानदाराला ते खोके खाली काढायला लावले. हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवत असत. दंतवैद्य मापे पाठवत आणि हे आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मेणाचे, प्लास्टरचे, लाखेसारख्या गुलाबी द्रव्याचे काम करून कुणाचे तरी हसू घडवत. गल्लीतले सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. त्यांच्या पत्नी अर्थातच काकू. चाळीस वर्षे एकाच खिडकीपाशी, एकाच मेजावर, उजव्या डोळ्याला घड्याळजी लावतात तसले भिंग लावून आणि डावा डोळा मिटून काकांनी काम केले होते. त्यांच्या हाताला चूक ठाऊक नव्हती. निदान त्यांची तशी श्रद्धा होती.

खोके घरात आले, तेव्हा काकूंनी कमरेवर हात ठेवले.

"हे काय आणलंत?"

"अवकाशनौका. मालवाहू आहे. जोडायची, रंगवायची, आत दिवे लावायचे आणि मग जुनी करायची."

"जुनी करायची?"

"म्हणजे डाग, गंज, काजळी. वापरलेली वाटली पाहिजे ना."

काकू खुर्चीवर टेकल्या. "जन्मभर मी डाग काढत आले. आता तुम्ही विकत आणून लावणार. बरं चाललंय."

मित्रांनो, काकूंचे बोलणे तिखट असे, पण त्यांचे पाऊल नेहमी मेजाकडेच वळे. पहिल्या आठवड्यातच त्या माझ्यात गुंतल्या. माझ्या दोन्ही कुशींना मिळून एकशे चौदा खिडक्या पाडायच्या होत्या. काका केसाएवढ्या बारीक गिरमिटाने एकेक भोक पाडत, आणि प्रत्येक भोकातून काचेसारखा पारदर्शक तंतू आतून बाहेर ओवायचा असे. आतल्या दिव्याचा उजेड त्या तंतूतून चालत येतो आणि त्याच्या टोकाशी खिडकी होऊन लुकलुकतो. ओवण्याचे काम काकूंनी आपल्याकडे घेतले. "सुईत दोरा ओवायचा, तसंच की. फक्त इथे सुईच दिसत नाही," असे म्हणत त्या ओवत बसत.

काकांनी माझ्या पोटाला आतून आधी काळा रंग दिला. काकूंनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "प्लास्टिक पातळ असतं. आतून काळं केलं नाही, तर दिवा लागल्यावर सगळं अंगच उजळतं, कंदील दिसतो नुसता. उजेड जिथून यायला हवा तिथूनच यावा, यासाठी आत अंधार पक्का हवा." हे वाक्य मी पुष्कळदा आठवते. माझ्या आत तेव्हापासून पक्का अंधार आहे.

माझी डावी बाजू चार महिन्यांत पूर्ण झाली. पत्र्याला पत्रा जोडलेला दिसावा म्हणून साच्यातच माझ्या अंगावर बारीक, सरळ रेषा कोरलेल्या होत्या. काकांनी त्या रेषांतून पातळ तपकिरी रंग सोडला. तो चरातून पाटाच्या पाण्यासारखा आपोआप धावला आणि प्रत्येक रेष उठून दिसली. मग आले जुनेपण. फोमचा तुकडा रंगात बुडवून, कागदावर टिपून, अगदी हलक्या हाताने कडांवर टेकवला की रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसते. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली की धातू घासल्यासारखा चमकतो. काका एकही डाग उगीच लावत नसत.

"डागाला कारण हवं," ते काकूंना समजावत. "इथे पाणी भरायची तोटी आहे, म्हणून खाली ओघळ. इथून माणसं चढतात-उतरतात, म्हणून रंग झिजलेला. कारण नसलेला डाग म्हणजे घाण."

"मग तुमच्या सदऱ्यावरच्या डागांना काय कारण?" काकूंनी विचारले. काकांनी भिंग आणखी घट्ट बसवले.

माझी डावी कूस पाहायला गल्लीतले निवृत्त मास्तर आले. ते काकांचे जुने मित्र आणि जुने गिऱ्हाईकही. त्यांच्या तोंडात काकांचीच कवळी होती. पुष्कळ वेळ पाहून ते म्हणाले, "अरे, ही तर माझ्यापेक्षा जास्त फिरलेली दिसते." माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. अशी स्तुती फार वाट्याला आली नाही म्हणून ती लक्षात राहिली.

त्यानंतर कवळ्यांची कामे वाढली आणि मी सात महिने मेणकापडाखाली पडून राहिले. अर्धे अंग म्हातारे आणि अर्धे अजून कोरे, अशी ती विचित्र अवस्था होती. मला थकवा तेव्हापासून जाणवू लागला. अर्धवट राहण्यासारखी दमणूक दुसरी नाही.

सात महिन्यांनी मेणकापड दूर झाले. काकांनी माझी उजवी कूस हातात घेतली, भिंग लावले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"या रेषा वाकड्या आहेत," ते म्हणाले.

काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिले. "मला तर सरळ दिसतात."

"तुला भिंगाशिवाय काय दिसणार? मधल्या भागात बघ, लाट आल्यासारख्या आहेत. साचा झिजलेला असणार. पैसे घेतात आणि असला माल देतात."

मित्रांनो, माझ्या रेषा सरळ होत्या. दोन्ही कुशी एकाच पोलादातून, एकाच क्षणी निघालेल्या. परंतु वस्तूला वाचा नसते. तिच्यावर आरोप झाला, तर तिला तो ऐकून घ्यावा लागतो. मी ऐकून घेतला.

काकांनी कारखान्याला पत्र लिहिले. ते पत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले, म्हणून मला ठाऊक आहे. 'आपल्यासारख्या जुन्या कारखान्याकडून ही अपेक्षा नव्हती,' असे त्यात दोनदा होते. तीन आठवड्यांनी उजव्या कुशीचा नवा भाग टपालाने आला. काका अधीरतेने मेजाशी बसले, भिंग लावले, आणि नव्या भागाकडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला. मग पाकिटातून एक पोलादी पट्टी निघाली, वीतभर लांब, आणि तिच्याभोवती गुंडाळलेले एक पत्र. त्या वेळी काकू बाजारात गेल्या होत्या. हे पत्र काकांनी मोठ्याने वाचले नाही. त्यात काय होते ते मला पुष्कळ नंतर कळले. पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

ते पत्र साचा कोरणाऱ्या वृद्ध कारागिराचे होते. त्याने लिहिले होते: 'महोदय, हा साचा मी स्वतः कोरला आहे. आपले पत्र आल्यावर तो पुन्हा मोजला. रेषा सरळ आहेत. तरीही नवा भाग पाठवतो आणि सोबत माझ्या मेजावरची पट्टी पाठवतो. ती भिंगातून पाहावी. पट्टीही वाकडी दिसली, तर कृपा करून भाग परत पाठवू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, आणि लवकर जावे. माझ्या थोरल्या बहिणीला शिवणाची टीप वाकडी दिसू लागली होती. तिने शिलाईचे यंत्र बदलले. यंत्र बदलून झाले, तोवर डोळ्याची वेळ निघून गेली होती.'

काकांनी पट्टी मेजावर ठेवली आणि भिंगातून पाहिली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली. खिडकीजवळ नेऊन पाहिली. मग मेजाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, प्लास्टरच्या जुन्या दातांखाली, पट्टी आणि पत्र दोन्ही ठेवून कप्पा लावून घेतला.

काकू परत आल्या. "काय म्हणतोय कारखाना?"

"काय म्हणणार? नवा भागही तसलाच आहे. मीच सरळ करतो आता."

त्या माणसाला मी दोष देत नाही. हात आणि डोळा एवढ्याच भांडवलावर त्यांचे घर उभे होते. डोळा गेला म्हणायचे, तर खिडकीजवळचे ते मेज गेले, ती कामे गेली, आणि कवळीकाका हे नावही गेले. ज्या सत्याची किंमत इतकी जबर, त्यापेक्षा कारखान्याचा साचा वाकडा मानणे सोपे होते.

मग त्यांनी माझ्या सरळ रेषा पुट्टीने बुजवल्या, काचकागदाने घासून सपाट केल्या, आणि त्या जागी टोकदार सुईने नव्या रेषा कोरायला घेतल्या. पट्टी न लावता, नुसत्या हाताने. भिंगातून ज्या सरळ दिसत, त्या प्रत्यक्षात वेड्यावाकड्या होत. सुई माझ्या अंगावरून फिरताना मला जाणवत होते की हा हात निष्णात आहे. थरथर नाही, घाई नाही. जी चूक होत होती, ती मोठ्या निष्ठेने होत होती. असा घाव सोसणे फार कठीण असते, कारण त्यावर रागावता येत नाही.

याच सुमारास मास्तर काकांनी नुकतीच करून दिलेली नवी कवळी घेऊन दारात उभे राहिले.

"काका, तुझी कवळी चांगली आहे. फक्त वरचे दात एका गावाला जातात आणि खालचे दुसऱ्या."

"तुझा जबडा बदललाय," काका म्हणाले. "वयानं हाड झिजतं."

"पंधरा दिवसांत?"

"झिजतं, झिजतं. ठेव तिथे. बघतो."

मास्तर ठेवून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले, थोडे वाकून पाहिले, आणि म्हणाले, "हिला काय झालं रे? अपघात?"

काका म्हणाले, "हं."

आणि मित्रांनो, इथे मला थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या रेषा काकूंनाही दिसत होत्या. रोज दिसत होत्या. परंतु ज्या कलेत प्रत्येक डाग मुद्दाम लावलेला, प्रत्येक ओरखडा विचारपूर्वक ओढलेला, तिथे खरी चूकही मुद्दाम केल्यासारखीच दिसते. काकूंना वाटले, उजव्या कुशीला अशनी आदळला असे दाखवायचे असेल. डागाला कारण असते, हे त्यांना काकांनीच शिकवले होते. त्यांनी कारण गृहीत धरले आणि विचारले नाही. माझ्या जुनेपणाने त्यांना फसवले. या गोष्टीचे ओझे मी आजही वाहते.

उजवी कूस रंगली, डागाळली. मग दोन्ही अर्धे सरसाने जोडले गेले आणि माझे पोट कायमचे बंद झाले. दिवे आत, तारा आत. बाहेर फक्त एक बटण.

दिवे लावण्याचा दिवस काकूंनी ठरवला. दुपारची वेळ होती, त्यांनी खिडकीचे पडदे ओढून खोली अंधारी केली, स्वतः स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "लावा. बघू तुमच्या लाडकीचं तेज."

काकांनी बटण दाबले. मित्रांनो, माझ्या दीर्घ आयुष्यातला तो एकच क्षण असा, की ज्यात मी थकलेली नव्हते. इंजिनांत केशरी उजेड आला. एकशे चौदा खिडक्या उजळल्या. आत पक्का अंधार होता, म्हणून बाहेर प्रत्येक कवडसा आपापल्या जागी स्वच्छ उभा राहिला. काकू पुढे झुकल्या. त्यांनी ओवलेले तंतू त्यांच्याकडे पाहत होते.

काकांनी भिंग लावले आणि उजव्या कुशीवर वाकले.

"मधली ओळ लागलीच नाही."

"कुठली मधली?"

"ही. सात-आठ खिडक्या गेल्यात. आतला दिवा बंद पडलाय. किंवा तंतू सुटलेत. तुझ्या हातून सुटले असतील." ते उठले आणि भिंतीवरची बारीक करवत घेऊन आले. "उघडावी लागणार."

"उघडावी म्हणजे?"

"जोडावर कापायची."

करवतीचे दाते माझ्या पाठीवरच्या जोडावर टेकले. थंड होते. मी मनाशी म्हणाले, एवढा प्रवास रंगवलात, एवढे डाग लावलेत. आता हा शेवटचा डाग तरी कारणाशिवाय नको.

काकू स्टुलावरून उठल्या. त्यांनी काकांच्या मनगटावर हात ठेवला, घट्ट नाही, नुसता ठेवला.

"अहो, सगळ्या लागल्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मी ओवल्यात त्या. एकेक मला पाठ आहे. मधल्या ओळीत नऊ आहेत, आणि नऊच्या नऊ लागल्यात." मग त्या म्हणाल्या, "भिंग काढा."

"भिंगाचा काय संबंध?"

"काढा म्हणते ना."

काकांनी भिंग काढले. दोन्ही डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांना नऊ खिडक्या दिसल्या. त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. पुन्हा पाहिले. तळहात काढला. पुन्हा ठेवला. करवत मेजावर पडली, तिचा आवाज फार झाला.

"किती दिवस झाले?" काकूंनी विचारले.

काकांनी खाली वाकून शेवटचा कप्पा उघडला, प्लास्टरचे दात बाजूला केले आणि पट्टी व पत्र त्यांच्या हातात दिले. काकूंनी पडदा सरकवला, पत्र उजेडात धरून मोठ्याने वाचले, आणि घडी घातली.

"मी रोज बघत होते या रेषा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम काढताय. एकदा विचारलं असतं, तर काय झिजलं असतं माझं?"

"विचारलं असतंस, तरी मी खोटंच सांगितलं असतं."

"ते सांगितलं असतंत. मला तुमचं खोटं ओळखू येतं. चपला घाला."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघू?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ती दोघे त्याच दुपारी गेली. मी अर्थातच घरी होते. दिवा बंद करायचे दोघेही विसरले होते. त्या दिवशी मी सात तास जळले, आणि माझे डावे इंजिन तेव्हापासून थोडे मंद आहे. तक्रार नाही, केवळ नोंद सांगते.

पुढचे ऐकून आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथे दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते, तिथे सूज आली होती, पाणी साचले होते. म्हणून सरळ रेष लाटेसारखी आणि मध्यभाग अंधारा. डोळ्यात औषधाची सुई घ्यावी लागेल, असे बाई म्हणाल्या. काकांनी विचारले, "डोळ्यात म्हणजे डोळ्यात?" त्या म्हणाल्या, "डोळ्यातच. आणि आणखी दोन महिने थांबला असतात, तर सुईचाही उपयोग नव्हता." यावर काकू म्हणाल्या, "द्या. चाळीस वर्षं हे दुसऱ्यांच्या तोंडात कवळ्या घालायला लावतायत, आता यांची पाळी."

पाच सुया झाल्या. प्रत्येक वेळी काका परत येत, झोपत, आणि उठल्यावर डावा डोळा झाकून माझी डावी कूस पाहत. पहिल्या दोन वेळा ते पाहून तसेच निघून गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी काकूंना हाक मारली आणि म्हणाले, "रेषांची थरथर कमी झालीय." पाचव्या सुईनंतर ते पुष्कळ वेळ उभे राहिले. मध्यभागी एक पुसट ठिपका कायमचा राहिला होता. परंतु रेषा सरळ झाल्या होत्या.

मग त्यांनी मला हळूच फिरवले आणि उजवी कूस पाहिली. आपल्या हातचे काम त्यांना आज पहिल्यांदा जसे होते तसे दिसले.

ते खाली बसले. एका कारागिराला स्वतःचे काम पाहून असे बसावे लागते, हे मी पाहायला नको होते. मास्तर ठेवून गेले होते ती कवळी त्यांनी काढली, तीही पाहिली, आणि दुसऱ्याच दिवशी डाव्या डोळ्याला भिंग लावून नवी करायला घेतली. तिला तीनपट वेळ लागला. त्यानंतर मोजकीच कामे ते घेत. साचेकाराला त्यांनी पत्र लिहिले, दोन ओळींचे: 'आपला साचा सरळ आहे. आपली पट्टी मी परत पाठवत नाही, क्षमा असावी.'

माझी उजवी कूस पुन्हा बुजवून नीट करावी, असे त्यांच्या मनात होते. पुट्टीचा डबा उघडलाही होता. काकू म्हणाल्या, "राहू द्या. या डागाला कारण आहे."

काकांनी डबा बंद केला, आणि महिन्याभराने मला पेटीत ठेवून या दवाखान्यात आणून दिले. बाईंना ते म्हणाले, "इथे येणाऱ्याला हिची डावी बाजू दाखवा. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. ज्याला ती वाकडी दिसेल, त्याला रांगेत बसवू नका."

मित्रांनो, तेव्हापासून मी इथे आहे. दिवसाकाठी कितीतरी वृद्ध डोळे माझ्या डाव्या कुशीवरून फिरतात. कुणी "सरळ" म्हणतात, कुणी गप्प होतात. त्या गप्प होण्याचा आवाज मला दुरूनही ओळखू येतो. माझ्या एकशे चौदा खिडक्यांपैकी तेवीस विझल्या आहेत. सरस पिवळा पडला आहे. खोटी धूळ कुठे संपते आणि खरी कुठे सुरू होते, हे आता मलाही सांगता येणार नाही. मला विश्रांती हवी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण रोज सकाळी बटण दाबले जाते आणि मी उजळते, कारण उजळण्यावाचून मला दुसरे काही येत नाही.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरातल्या मोठ्या माणसांनी "दाराची चौकट वाकडी आहे", "छापणाऱ्याने ओळी तिरक्या छापल्या" असे म्हटले, तर हसून सोडून देऊ नका, आणि आपणच काही कारण गृहीत धरून गप्प राहू नका. विचारा. एक डोळा झाकायला लावा, मग दुसरा. वस्तूंची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वस्तू असून सांगते, आधी पाहणाऱ्याची घ्या.

काका अजूनही तपासणीला येतात. आज सकाळीही आले होते, काकूंचा हात धरून. डॉक्टरीणबाईंकडे जाण्याआधी ते नेहमीप्रमाणे माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

काकूंनी माझी पेटी डाव्या कुशीकडून त्यांच्यापुढे केली. "सांगा."

"सरळ."

काकूंनी पेटी फिरवली. "आणि ही?"

काकांनी माझ्या उजव्या कुशीकडे, स्वतः कोरलेल्या त्या रेषांकडे निरखून पाहिले.

"वाकडी," ते म्हणाले. "चांगलीच वाकडी."

"मग बरं आहे," काकू म्हणाल्या, आणि दोघे बाकावर जाऊन बसले.